स्वतंत्र यंत्रणेवर चालणारा गेम

"खेळणारा नेमकं काय करतो?" प्रोग्रामरने तिसऱ्यांदा विचारलं.

"अनुभवतो," कल्पकराव म्हणाले.

"ते झालं. पण बटण कोणतं दाबतो?"

कल्पकरावांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू हा गृहस्थ त्यांच्या लग्नाला येऊन फक्त खुर्च्या मोजत बसला होता. टेबलावर चौदा वह्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यांत 'महाविश्व' नावाच्या गेमची संपूर्ण कल्पना होती: दोनशे बारा ग्रह, एकोणचाळीस राजवंश, त्या राजवंशांची आपसातली भांडणं आणि एका ग्रहावरच्या पाणीपुरवठ्याचा सातशे वर्षांचा इतिहास. एवढं सगळं आयतं हातात दिल्यावर माणूस बटणाचं विचारतो, याला काय म्हणावं?

"बटण वगैरे टेक्निकल भाग झाला," ते म्हणाले. "तो तुझा. कल्पना माझी, बाकीचं किरकोळ तुझ्याकडे. निम्मं-निम्मं."

"किरकोळ म्हणजे?"

"म्हणजे गेम बनवणं."

हा प्रोग्रामर औषधाच्या दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा आणि कल्पकरावांची बायको त्या दुकानात फार्मासिस्ट होती. एवढ्याशा ओळखीवर बिचारा सुट्टीची सकाळ खर्ची घालून आला होता. त्याने तिसरी वही उघडली, चाळली आणि मिटली.

"साहेब, हा गेम नाहीये, गॅझेटियर आहे," तो म्हणाला. "असं करा, आधी कागदावर खेळून बघा. एक माणूस खेळाडू, एक माणूस कॉम्प्युटर. खेळाडूने चिठ्ठीवर लिहायचं, मी हे करतो. कॉम्प्युटर झालेल्याने चिठ्ठीवर उत्तर द्यायचं, मग असं होतं. मोठमोठ्या कंपन्यांतही असंच करतात. त्यातून काही उभं राहिलं तर मला फोन करा." आणि कल्पकराव पाणीपुरवठ्याची वही उघडतात न उघडतात, तोवर तो चपला पायात सरकवून जिन्यात पोचलाही होता.

कल्पकराव हे नाव त्यांना ऑफिसने दिलं होतं आणि ते कौतुकाने दिलं नव्हतं. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते सतरा वर्षं होते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून सुटलेल्या लोकांना दिलगिरीची पत्रं लिहायची, हे त्यांचं काम. ते काम ते डाव्या हाताने उरकत आणि उजव्या हाताने ग्रह निर्माण करत. प्रोग्रामिंग शिकायला त्यांनी तीनदा सुरुवात केली होती, पण तिन्ही वेळा कॉम्प्युटरकडून नुसतं 'नमस्कार' म्हणवून घेतानाच त्यांचं घोडं अडलं. चित्र काढायला घेतलं, तर त्यांनी काढलेला सेनापती पाहून बायकोने विचारलं होतं, "हे कपाट कुठे ठेवायचंय?" उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस निदान उंटावर तरी चढलेला असतो. कल्पकरावांनी उंटाचीही नुसती कल्पनाच केली होती. या सगळ्याचा त्यांना काडीचाही संकोच नव्हता. हात वापरायला माणसं खूप मिळतात, डोकं मिळत नाही, असं ते भेटेल त्याला सांगत.

नेमकं याच सुमाराला ऑफिसने त्यांना तक्रार विभागाचं प्रमुख करायचं ठरवलं. हा आपल्या प्रतिभेचा गळा घोटण्याचा कट आहे हे त्यांनी ताबडतोब ओळखलं आणि ते बढतीचं पत्र सही न करता घरी आणून खणात टाकलं. त्याच आठवड्यात छोट्या गेमवाल्यांच्या मेळाव्याची जाहिरात आली. मेळाव्यातून एका डिझायनरला एक मोठी गेम कंपनी सहा महिने आपल्या स्टुडिओत काम करायला नेणार होती.

"हे बघा," बायको म्हणाली, "तिथं निवड झाली तर खुशाल जा सहा महिने. मी हूं की चूं करणार नाही. पण नाही झाली, तर त्या पत्रावर सही करायची. आणि मग या घरात ग्रह हा शब्द काढायचा नाही."

"मंजूर," कल्पकराव म्हणाले. इतक्या कल्पना सुचणाऱ्या माणसाला हरण्याची कल्पना तेवढी कधी सुचत नसे.

मेळाव्याच्या अर्जात एक रकाना होता: गेम कोणत्या यंत्रणेवर चालतो? कॉम्प्युटर लिहावं तर कॉम्प्युटरवर काही नव्हतं, फोन लिहावं तर फोनवरही काही नव्हतं. खूप विचार करून त्यांनी लिहिलं, 'स्वतंत्र यंत्रणेवर.' अर्ज मंजूर झाला. पंधरा दिवसांत टेबल मांडायचं होतं आणि प्रोग्रामर आता फोन उचलत नव्हता. म्हणजे ती स्वतंत्र यंत्रणा शोधून काढणं भाग होतं. ती आतल्या खोलीत, गुडघ्याखाली उशी घेऊन, शब्दकोडं सोडवत बसली होती.

कल्पकरावांच्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती. फोन माणसांच्या हातून जोडले जायचे, त्या काळात त्यांनी अर्ध्या शहराला उरलेल्या अर्ध्या शहराशी जोडून दिलं होतं आणि उद्धटपणे बोलणाऱ्यांना मध्येच तोडलंही होतं. निवृत्त झाल्यापासून आपल्यासाठी कुणी ताटकळत नाही, याची त्यांना मनापासून खंत होती.

"आई, तुम्हाला कॉम्प्युटर व्हायचंय," कल्पकराव म्हणाले.

"बसून करायचंय ना?"

"बसूनच."

"मग होते."

फ्रिजचं एक मोठं रिकामं खोकं आणून कल्पकरावांनी त्याला समोरून चौकोनी खिडकी कापली. आत एक खुर्ची, चौदा वह्या, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि सासूबाई. खेळाडूची चिठ्ठी आली की योग्य वहीतलं योग्य पान काढायचं आणि तिथलं उत्तर उतरवून द्यायचं, एवढंच काम. "आणि आई, स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं.

खोकं कापण्याच्या आवाजाला वैतागून खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट भांडायला वर आले. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात मशीन फिरवणाऱ्या माणसाला पुठ्ठ्याचा आवाज सहन होत नव्हता. कल्पकरावांनी त्यांना हाताला धरून खोक्यासमोर बसवलं आणि प्रस्तावना वाचायला घेतली. दुसऱ्या राजवंशापाशी डॉक्टरांनी आ केला, पण तो जांभईचा होता. शेवटी एकदाचं ते पहिल्या नगराच्या दरवाजापाशी पोचले आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'दार उघडतो.'

चिठ्ठी आत गेली. आत पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला. कल्पकरावांचं अक्षर मुंगीएवढं आणि सासूबाईंचा चष्मा जुन्या नंबरचा, त्यामुळे तो आवाज बराच वेळ येत राहिला. डॉक्टर उठू लागले. तेवढ्यात खिडकीतून चिठ्ठी आली: 'धरून ठेवा. आतून कुणीतरी येतंय.'

डॉक्टर पुन्हा बसले. पुढची चिठ्ठी आली, 'पहारेकरी विचारतो, काय काम आहे?'

'आत जायचंय,' डॉक्टरांनी लिहिलं.

'ते सगळ्यांनाच जायचंय. काम काय?'

त्यानंतर दोन तास डॉक्टर हलले नाहीत. खाली त्यांच्या दवाखान्यात तीन माणसं गाल धरून बसली होती. डॉक्टरांनी पहारेकऱ्याला दम दिला, लाच देऊ केली, राजाचा चुलतभाऊ असल्याची थाप मारली. पहारेकऱ्याने कुठल्या राजाचा, कुठल्या बाजूने चुलत, असं खोदून खोदून विचारलं आणि त्यांची थाप त्यांच्याच गळ्यात अडकवली. शेवटी डॉक्टरांची बायको वर बोलवायला आली तेव्हा ते नाइलाजाने उठले.

"काय हो, त्या दाराच्या आत काय आहे?" त्यांनी जाताजाता विचारलं.

"दोनशे बारा ग्रह!" कल्पकराव म्हणाले.

"ते राहू द्या. दाराच्या आत काय आहे?"

डॉक्टर गेल्यावर कल्पकराव खोक्यावर धावून गेले. "आई, पहारेकरी कुठून आणलात? माझ्या वहीत पहारेकरी नाही!"

"मी ठेवला. एवढं मोठं नगर तुमचं, दारावर माणूस नको?"

"पण कॉम्प्युटर स्वतःचं डोकं चालवत नाही!"

"जावईबापू, माणूस लाइनवर ताटकळत ठेवायचा नसतो. आधी त्याला काहीतरी सांगायचं, मग शोधायचं. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे."

"मग त्यांना दोन तास दारातच का उभं केलंत?"

"कसा सोडू? एकदा तरी सरळ बोलला का तो?"

कल्पकरावांनी रागारागाने स्वतः खोक्यात बसून दाखवलं. खेळाडू म्हणून बायको समोर बसली आणि तिने लिहिलं, 'दार ठोठावते.' योग्य पान सापडायला अठरा मिनिटं लागली आणि उत्तरादाखल तिला दोन राजवंशांमधल्या तहाची चार पानं मिळाली. दरम्यान तिचे इस्त्रीचे कपडे संपले होते. शेवटी असं ठरलं, की सासूबाईंनीच बसायचं, पण वह्या जवळ ठेवायच्या आणि जमेल तेवढं त्यांतलंच सांगायचं. "हो हो," सासूबाई म्हणाल्या. एक्स्चेंजमध्ये त्या याच सुरात 'प्रयत्न चालू आहे' म्हणत असत.

मेळाव्याच्या हॉलमध्ये चाळीस टेबलं होती. एकोणचाळीस टेबलांवर पडदे झगमगत होते, त्यांत आगीचे लोळ उठत होते, बेडूक उड्या मारत होते. चाळिसाव्या टेबलामागे फ्रिजचं खोकं उभं होतं. आयोजक यादी घेऊन तपासणीला आला.

"तुमचं मशीन कुठंय?"

"आत आहे," कल्पकराव म्हणाले.

"मेमरी किती?"

"भरपूर," आतून आवाज आला. "यांच्या लग्नात यांच्या मावशी मला काय बोलल्या, शब्दन् शब्द आठवतोय."

आयोजकाने खोक्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, 'स्वतंत्र यंत्रणा' या शब्दांखाली एक रेघ ओढली आणि तो घाईने पुढे गेला.

पहिला दीड तास एकही माणूस खेळला नाही, कारण खेळण्याआधी इतिहास माहीत असलाच पाहिजे, असा कल्पकरावांचा आग्रह होता. लोक येत, प्रस्तावनेची चार वाक्यं ऐकत आणि "जरा फिरून येतो" म्हणत. जग गोल असूनही त्यांतला एकही फिरून आला नाही. तेवढ्यात खोक्यातून हाक आली, "जावईबापू, आत गुदमरतंय हो."

कल्पकरावांनी तीही सोय केलेली होती. त्यांनी घरून टेबलफॅन आणला होता आणि सोबत एक जुनी एक्स्टेन्शन वायर. ती तीन ठिकाणी तुटली होती आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी चिकटपट्टी लावून जोडली होती. खोकं कापणं सोडलं, तर हाताचं काम त्यांनी केलं असेल ते बहुधा हेच. त्यांनी बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि हॉलमधले एकोणचाळीस पडदे एका क्षणात काळे झाले.

"कुणी काय लावलं रे?" आयोजक ओरडला.

कल्पकरावांनी वायर पायाने खोक्यामागे सारली आणि सगळ्यांबरोबर तेही इकडेतिकडे शोधू लागले. इलेक्ट्रिशियन आला, मान हलवून गेला, परत आला आणि दीड तास लागेल म्हणाला. आता हॉलभर गेम खेळायला आलेली माणसं आणि चालू असलेला गेम एकच. एक बाई बसली. तिच्यामागे दोघं उभे राहिले. ज्याचा बेडूक विझला होता तो दाढीवालाही रांगेत आला. कल्पकरावांनी संधी साधून प्रस्तावना काढली, तर रांगेतून लोक म्हणाले, "श्शू! थांबा हो काका, पहारेकरी चिडलाय."

खिडकीतून चिठ्ठ्या सपासप बाहेर पडत होत्या. सासूबाई एकाच वेळी तिघांना दारात उभं करून चौथ्याला रांगेत ठेवत होत्या आणि एकाचीही भानगड दुसऱ्याच्या गळ्यात पडत नव्हती. मध्ये त्यांना बाथरूमला जायचं होतं, तेव्हा खिडकीत 'लाइन व्यस्त आहे' अशी पाटी लागली. एकही माणूस हलला नाही. वीज आली, पडदे उजळले, बेडूक पुन्हा उड्या मारू लागला, तरी रांग तिथेच होती. कल्पकरावांनी मनातल्या मनात सोमवारच्या सुट्टीचा अर्ज लिहून टाकला आणि स्टुडिओत खिडकीजवळची जागा मागायची, हेही ठरवलं.

दुपारी त्या मोठ्या कंपनीची डिझायनर आली. करडे केस, साधी चप्पल, हातात पेन्सिल. तिनेही रांगेत उभं राहून नंबर लावला. खुर्चीत बसल्यावर तिने पहारेकऱ्याला दम दिला नाही, की ओळख सांगितली नाही. तिने थोडा विचार करून लिहिलं, 'पहारेकऱ्याला विचारते, जेवलास का?'

दिवसभरात पहिल्यांदाच खिडकीतून लगेच उत्तर आलं नाही. रांगेतले लोक माना लांब करून बघू लागले. मग एक चिठ्ठी हळूच बाहेर आली: 'इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. या, आत या.'

त्यानंतर ती बाई पाऊण तास खेळली. चिठ्ठ्या जात-येत राहिल्या. ती दोनदा मोठ्याने हसली आणि एकदा तिने डोळे पुसले. आत तिला काय दिसलं, हे विचारायला मागचे लोक वाकले, तर तिने चिठ्ठ्यांवर हात ठेवला. खेळ संपल्यावर तिने विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," कल्पकराव पुढे झाले. "तुम्ही ज्या दारातून गेलात ना, ते तिसऱ्या राजवंशाच्या काळात, म्हणजे त्याला कारण असं की पाणीपुरवठा..."

"दार नाही. पहारेकरी कुणाचा?"

"माझा," खोक्यातून आवाज आला.

बाई उठून खोक्याच्या मागे गेली. कल्पकरावही गेले. आत सासूबाई पाय वर करून बसल्या होत्या. पायाखाली चौदाच्या चौदा वह्या नीट रचून ठेवल्या होत्या आणि सगळ्यांत वरच्या वहीवर टाचेचा खड्डा पडला होता.

"ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी गुडघा उंच ठेवायला सांगितलाय," सासूबाई म्हणाल्या. "बरोबर उंची झाली हो, जावईबापू."

"आमच्याकडे सहा महिने याल का?" बाईने त्यांना विचारलं.

"चार महिने येईन. मग दुसरा गुडघा करायचाय."

"चालेल," बाई म्हणाली. मग ती कल्पकरावांकडे वळली. "तुम्ही खेळलात का हा गेम?"

"मी? मीच तर बनवलाय."

"हो, पण खेळलात का?"

बाई आयोजकाकडे गेली, त्याने सासूबाईंची निवड जाहीर केली, रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्या खोक्यासाठी आहेत हे कल्पकरावांना स्वच्छ कळत होतं. थट्टा बाजूला ठेवून सांगायचं, तर त्यांना फार वाईट वाटलं. सतरा वर्षं दुसऱ्यांची माफी मागून झाल्यावर एकदा तरी कुणी आपल्याला शाबास म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत सासूबाईंच्या पदरात पडलं होतं. हळूहळू हॉल रिकामा झाला. लोक टेबलं आवरू लागले. खोक्यासमोरची खुर्ची मोकळी होती. पाय दुखत होते म्हणून ते तिच्यात बसले आणि बसल्यावर समोर चिठ्ठी होती म्हणून त्यांनी लिहिलं, 'मी महाविश्वाचा निर्माता आहे. दार उघड.'

चिठ्ठी बाहेर आली. 'असे सकाळपासून चौघे येऊन गेले. रांगेत उभे राहा.'

"आई, मी आहे!"

"खेळताना बोलायचं नाही," खोकं म्हणालं.

कल्पकरावांनी घुश्शातच दुसरी चिठ्ठी लिहिली. तिचं उत्तर आलं, ते खोचक होतं. त्यांनी त्याला चोख उत्तर दिलं. पहारेकऱ्याने ते उलटवलं. त्यांनी दुसरी वाट शोधली, ती बंद निघाली. तिसरीला जरासा उजेड दिसला. ते खुर्चीत पुढे सरकले. दोनशे बारा ग्रह त्यांनी स्वतः मांडले होते, पण या दाराच्या आत काय आहे, ते त्यांना माहीत नव्हतं.

दुकान बंद करून बायको पाचच्या सुमाराला आली. आयोजकाकडून तिला दारातच सगळा निकाल कळला होता. येताना तिने खणातलं ते पत्र पर्समध्ये घालून आणलं होतं आणि आता नवरा रडेल, भांडेल, की वह्या फाडेल, याची मनाची तयारीही करून आणली होती. तिने पत्र उलगडून टेबलावर ठेवलं.

"अहो, ठरलं होतं ना आपलं? सही करा."

"कुठे?" कल्पकरावांनी खिडकीवरची नजर न काढता विचारलं.

"इथे. वाचून तरी घ्या."

"थांब गं, बहुतेक उघडतोय तो," ते म्हणाले, आणि तिने बोट ठेवलं होतं तिथे सही करून त्यांनी पत्र बाजूला ढकललं. खिडकीतून चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती. त्यांनी ती घाईने ओढून घेतली, वाचली, कपाळाला हात लावला आणि पुन्हा लिहायला घेतलं.

बायकोने पत्राची घडी करून ते पर्समध्ये ठेवलं. थोडा वेळ ती नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून चिठ्ठ्या वाचत राहिली. मग शेजारच्या टेबलाची खुर्ची तिने ओढून घेतली.

"आई," ती खोक्याला म्हणाली, "यांचं झालं की माझा नंबर."